पेटीतले सहा हजार

१

पेटीची दोन्ही कुलपं जागच्या जागी होती, दोन्ही किल्ल्या जागच्या जागी होत्या, आणि आतले सहा हजार रुपये तेवढे नव्हते. शनिवारी सकाळी साडेसातला हर्षल सरांनी हे मला फोनवर सांगितलं. मी तेव्हा गुडघ्यांना तेल चोळत बसले होते. घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं, दुसरं काय!

मी अंजली आहेर. तेहतीस वर्षं बँकेच्या कॅश काउंटरवर बसून, ओल्या स्पंजावर बोट टेकवत, दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या. निवृत्त झाल्यावर माणसानं गप्प घरी बसावं की नाही? पण मला दुर्बुद्धी सुचली. पेठ रोडला आतल्या बाजूला एक शाळा आहे, तिथे जाऊन पोरांना पैशाचं शिकवायला लागले. गेल्या जूनमध्ये तिथे बालबचत बँक काढली. दर गुरुवारी पोरं दोन, पाच, दहा रुपये आणतात, वहीच्या पुठ्ठ्याच्या पासबुकात नोंद होते आणि पैसे पत्र्याच्या पेटीत जातात. पेटीला दोन कुलपं आहेत. एक किल्ली मॅनेजरच्या गळ्यात असते, दुसरी हर्षल सरांकडे. मॅनेजर म्हणजे सातवीतली तृप्ती भोये. बाप इमारतींच्या कामावर, आई त्याच कामावर विटा वाहते, मूळ गाव पेठच्याही पुढे डोंगरात. या पोरीएवढा स्वच्छ हिशोब माझ्या बँकेत दोघातिघांचाच असेल.

"गुरुवारी मधल्या सुट्टीत मोजले तेव्हा चौदा हजार तीनशे ऐंशी होते," हर्षल सर सांगत होते. "आज तृप्तीला बोलावून पेटी उघडली, तर आठ हजार तीनशे ऐंशीच आहेत. मॅडम, सोमवारी पालकांसमोर मुलांच्या बचतीचं वाटप आहे हो!"

"पेटी फोडलीय?"

"नाही ना! कुलपं लावलेलीच होती. दोन्ही."

"मुख्याध्यापिका काय म्हणतात?"

"देवरे मॅडम म्हणाल्या, आहेर मॅडमना कशाला उन्हाचं बोलवता. मीच फोन केला." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणखी एक. पेटीतली कर्जाची वहीपण गेलीय."

हे ऐकून मी तेलाची बाटली खाली ठेवली. आमच्या बँकेतली कर्जं म्हणजे कंपासपेटीला तीस रुपये, सहलीला पन्नास रुपये. असली वही घेऊन चोर काय करणार होता?

२

एप्रिलचा पहिला आठवडा होता, शनिवारची सकाळची शाळा, आणि नऊलाच ऊन डोक्यात शिरत होतं. ऑफिसात पंखा फिरत होता, वारा मात्र येत नव्हता. टेबलामागे देवरे मॅडम बसल्या होत्या. बाई नेमस्त आणि नीटनेटकी. पोरांना वळण लागावं म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर दोनशे रुपये बालबँकेत भरायच्या, आणि पोरं टाळ्या वाजवायची. त्या दिवशी मात्र त्यांचे डोळे तांबारलेले होते. दाराशी शिपाई केरूभाऊ उभा होता. आणि मधोमध, फरशीवर नजर लावून, तृप्ती.

"तृप्ती," मी म्हटलं, "पेटी कोणी उघडली?"

"मला सांगता येत नाही, बाई."

"माहीत नाही का?"

तिनं गळ्यातली किल्ली मुठीत धरली. देवरे मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

"अगं, पैसे गेलेत," हर्षल सर कळवळून म्हणाले. "चौसष्ट मुलांचे पैसे आहेत!"

तेव्हा तिनं मान वर केली. "गेले नाहीत, सर. बाहेर आहेत."

"बाहेर म्हणजे कुठे?"

पुन्हा फरशी. मी तिला दटावलं, चुचकारलं, पाणी दिलं. पोर हुं की चूं करेना. खोटं सांगून सुटावं एवढीही अक्कल नाही का हिला, असं मनात आलं आणि मला तिचा चक्क राग आला. राग माणसाला दमवतो, आणि मी आधीच दमलेली होते.

तेवढ्यात तिचा बाप आला. कोणीतरी साइटवर निरोप नेला होता. भिका भोये. अंगावर सिमेंटची धूळ, पायातल्या चपला त्यानं दाराबाहेर काढल्या. आत आला, लेकीकडे बघितलं आणि विचारलं, "तू घेतलं?"

"नाय, बा."

"मंग कोनी घेतलं?"

तिनं ओठ आवळले. भिकानं हात उगारला, आणि मग तो हात स्वतःच्याच कपाळावर मारून घेतला. "बाई, आमी डोंगरातली मानसं. गरीब हाय, पन चोर नाय. इथं सारी तोंडाकडं बघत्यात, म्हनत्यात भिक्याच्या पोरीनं पेटी खाल्ली. उद्या पयल्या एस्टीनं हिला गावाला टाकतो. आजीपाशी ऱ्हाईल, बकऱ्या वळील. बस झाली शाळा."

"अहो, परीक्षा आहे तिची," मी म्हटलं.

"परीक्षा झाली की आमची, बाई. आत्ताच झाली."

तो लेकीला घेऊन निघून गेला. जाताना तिनं गळ्यातली किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. दोरा घामानं ओला झाला होता. तिच्या गावाला आठवीचा वर्ग नाही, हे मला ठाऊक होतं. माझ्याकडे उद्या सकाळच्या पहिल्या गाडीपर्यंतचा वेळ होता, आणि हातात काही म्हणजे काही नव्हतं.

३

पहिल्यांदा हर्षल सरांना धरलं, कारण दुसरी किल्ली त्यांची.

"किल्ली कुठे ठेवता?"

त्यांनी स्टाफरूमच्या भिंतीवरचा खिळा दाखवला. किल्ली तिथे लोंबकळत होती, वर चिठ्ठी चिकटवलेली, 'बालबँक'.

"धन्य आहे! चोराला पत्ता शोधायचेही कष्ट नकोत."

सर ओशाळले. तीस-बत्तीसचं पोरगं, खिशातला फोन दर दोन मिनिटांनी काढून बघायचं. "शेअर्स करता ना?" मी सरळच विचारलं.

"करत होतो," ते पडेल आवाजात म्हणाले. "चाळीस हजारांचा फटका बसलाय, मॅडम. गाडीचे हप्ते थकलेत. तुम्हाला माझा संशय येणार हे माहीत होतं, तरी फोन मीच केला ना?"

ते खरं होतं. पण चोराच्या उलट्या बोंबाही मी काउंटरवर बसून पुष्कळ ऐकल्या आहेत. त्यामुळे त्यांना मी ना सोडलं ना धरलं.

केरूभाऊ पाण्याच्या टाकीजवळ विडी विझवत होता. गुरुवारी शाळा कोणी बंद केली विचारलं तर म्हणाला, "म्या नाय. मला दुपारीच मॅडमनी शहरातल्या हाफिसात कागद घेऊन धाडलं व्हतं. कागद तसे काय घाईचे नव्हते. मी आलो तवा सहा वाजून गेले व्हते, हाफिसला कुलूप व्हतं."

त्याच्या शर्टाच्या खिशातून पाचशेच्या नोटा डोकावत होत्या. मी बघितलेलं त्यानं बघितलं. "पोरानं धाडले," तो घाईनं म्हणाला. "मनमाडला रेल्वेत हाय त्यो. इचारा फोन लावून." आणि खरंच फोन लावून माझ्या कानाला लावला. पोरानं आधी तीन हजार पाठवले म्हणून सांगितलं, मग बापाला सांगा गुडघ्याचं औषध घ्या म्हणाला. मला माझे गुडघे आठवले.

राहिली कुसाबाई. शाळेच्या फाटकासमोर तिचं दुकान आहे. वह्या, पेनं, गोळ्या आणि उन्हाळ्यात पोरांच्या जिभा रंगवणारे पेप्सीकोले. दुकानात नवाकोरा डीप फ्रीज घुमत होता.

"कधी घेतला हो फ्रीज?"

"काल आला. भिशी लागली मला." तिनं बसायला स्टूल दिलं. "बँकबाई, तुम्ही उगं उन्हात फिरताय. ती पोरगीच हे. डोंगराकडची माणसं, पैसा कधी पाह्यला नाय, पाह्यला की हात चळतो."

"तुम्ही चळताना पाहिलात?"

"गुरुवारी पाह्यलं ना! शाळा सुटली, सारी पोरं गेली, ही एकटी मागं राह्यली. मंग पळत आली दुकानात. मला वाटलं आता चॉकलेटं घेईल, क्रीमची बिस्किटं घेईल. तर काय घेतलं म्हणता? रेव्हेन्यूचं तिकीट. एक! मी दोन रुपये लावते त्याला, घासाघीस न करता दिले. आन् पुन्हा पळत शाळेत. हे काय पोराचं लक्षण हे?"

"शाळेत तेव्हा कोण होतं?"

"मला काय ठावं? फाटक तर उघडंच व्हतं."

भिशीचं म्हणणं बायकांना विचारून खरं ठरवता आलं असतं, पण मला आता उठवत नव्हतं. एक पेप्सीकोला घेतला, गुडघ्यावर धरला आणि बसून राहिले. तिघांकडेही कारण होतं, तिघांनाही खिळ्यावरची किल्ली माहीत होती. पण दुसरी किल्ली त्या पोरीच्या गळ्यात होती, ती झोपेतही काढत नाही. म्हणजे पेटी उघडली तेव्हा पोर तिथे होतीच. मग कुसाबाई म्हणते तेच खरं होतं का?

४

साडेअकराला शाळा सुटली. देवरे मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं, दार लोटलं.

"आहेर मॅडम, मी रात्रभर... म्हणजे सकाळपासून विचार करतेय. हा विषय वाढवायला नको. पोलीस नको, बोभाटा नको. सोमवारी सकाळी मी माझ्या खिशातून सहा हजार भरते. मुलांचे पैसे मुलांना मिळाले की झालं."

"आणि तृप्ती?"

"तिला मी काही म्हटलं का? एका शब्दानं म्हटलेलं नाही." त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उचलला, पुन्हा ठेवला. "लोक विसरतात हो."

खरं सांगते, मी हो म्हणणार होते. मला घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. चौसष्ट पोरांचे पैसे भरले जात होते, मुख्याध्यापिका पदरचे घालत होती, आणखी काय पाहिजे? मी पर्स उचलली आणि व्हरांड्यात आले.

व्हरांड्याच्या भिंतीवर, काळ्या फळ्यावर बालबँकेचे नियम आहेत. मी सांगितले होते, तृप्तीनं लिहिले होते, टपोऱ्या अक्षरात. पर्समध्ये छत्री सापडत नव्हती म्हणून तिथे थांबले आणि नियम वाचत उभी राहिले.

नोंद त्याच दिवशी करावी. पेटी दोन किल्ल्यांनीच उघडावी. कर्ज फक्त खातेदाराला मिळेल, त्याच्या शिलकीच्या तिपटीपर्यंत. व्याज महिना शेकडा एक रुपया, दिवस कमी भरले तरी महिन्याचं. रक्कम पाच हजारांच्या वर गेली तर पावतीवर रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर आडवी सही घ्यावी.

हा तिकिटाचा नियम मी केवळ माहितीसाठी सांगितला होता. कंपासपेटीच्या बँकेत पाच हजारांचं कर्ज कोण मागणार होतं?

माझा हात पर्समध्येच राहिला. तिकीट! अगं अंजली, तेहतीस वर्षं काय गवत उपटलंस? चोरी करणारं पोर रेव्हेन्यूचं तिकीट विकत घ्यायला पळतं का? पदरचे दोन रुपये घालून?

मग पुढचं एकेक आपोआप येत गेलं. 'गेले नाहीत, बाहेर आहेत.' हे वाक्य तिचं नव्हतंच, माझं होतं. जानेवारीत कर्ज शिकवताना मीच फळ्यावर लिहिलं होतं की कर्जाला दिलेले पैसे गेलेले नसतात, बाहेर असतात, एक दिवस परत येतात. कर्जाची वही चोरानं नेली नव्हती. ती पोरीनंच लपवली होती, कारण तिच्यात एक नाव होतं.

आणि नाव का सांगत नव्हती? मी सगळ्यांत खालचा नियम बघितला. 'खातेदाराचा व्यवहार तिसऱ्या माणसाला सांगू नये.' त्याच्यासोबत मी पोरांना माझी बढाईची गोष्टही सांगितली होती. एका बाईचं खातं आमच्याकडे होतं. तिचा नवरा काउंटरवर येऊन अर्धा तास मला शिव्या देत होता, तिचे किती पैसे आहेत सांग म्हणून. सगळी बँक बघत होती, पण मी एक अक्षर बोलले नाही. तृप्ती पहिल्या बाकावर बसून ऐकत होती. आज सगळी शाळा तिच्याकडे बघत होती आणि तीही एक अक्षर बोलली नव्हती.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. पोरीचं तोंड मीच शिवलं होतं.

आता फक्त नाव काढायचं होतं, आणि ते पेटीतल्या खातेवहीत होतं. पोरांना हुरूप यावा म्हणून मी मोठ्यांनाही खाती उघडायला लावली होती. मी खिळ्यावरची किल्ली घेऊन ऑफिसात परत गेले, मॅडमना काही न बोलता पेटी उघडली, खातेवही काढली आणि शेवटची पानं उलटली. हर्षल सर, शिल्लक दहा रुपये. तिप्पट केले तर तीस, सरांना फक्त कंपासपेटी मिळाली असती. कुसाबाई, तीनशे चाळीस. तिला मिळाले असते एक हजार वीस. केरूभाऊ, अकराशे पन्नास, म्हणजे तीन हजार चारशे पन्नास.

मग चौथं पान उघडलं.

५

"मॅडम," मी दार लावून घेतलं. "जुलै ते एप्रिल किती एक तारखा झाल्या?"

"दहा." देवरे मॅडमनी वर बघितलं. "का?"

"दर महिन्याला दोनशे. शिल्लक दोन हजार. तिच्या तिप्पट सहा हजार. एक रुपया कमी नाही, एक रुपया जास्त नाही. चोराला मर्यादा नसते, मॅडम, त्यानं पेटी धुऊन नेली असती. मर्यादा कर्जाला असते. केरूभाऊंना बिनघाईचे कागद देऊन शहरात पाठवलंत, खिळ्यावरची किल्ली घेतलीत, पोरीला थांबवून घेतलंत. एकच सांगा, तुम्ही किती मागितले होते?"

पंखा कुरकुरत होता. त्यांनी पेपरवेट बाजूला सरकवला.

"दहा," त्या म्हणाल्या. "दहा हजार मागितले होते. ती म्हणाली, मॅडम, तुमच्या खात्यावर सहाच बसतात."

मी खुर्चीत बसले.

मग त्यांचं सगळं बाहेर आलं, घडाघडा, जणू कोणी विचारण्याचीच वाट बघत होत्या. मुलगा मयूर बारावीला. आईच्या फोनवरून कसलासा पैशाचा गेम खेळायचा. ओटीपी यायचे, हा पुसून टाकायचा. दोन महिन्यांत बेचाळीस हजार गेले. नवऱ्याला पत्ता नाही. घराचा हप्ता शुक्रवारी खात्यातून कटणार, तेवढे पैसे खात्यात नाहीत, आणि हप्ता परत गेला की मेसेज नवऱ्याच्या फोनवर. पगार उशिरा होणार होता. सहा मिळाले, उरलेले चार बांगडी गहाण ठेवून आणले. सोमवारच्या आधी बहिणीकडून घेऊन पेटीत गुपचूप ठेवायचे होते. हर्षल सरांनी दोन दिवस आधीच मोजायला घेतले.

"पाचशे पोरांना बचत शिकवते मी, आहेर मॅडम. घरातल्या एकाला नाही शिकवता आली." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "कोणत्या तोंडानं सांगणार होते?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मला त्यांची कीव आली, खोटं कशाला सांगू. पण त्या खोलीत मघाशी आणखी एक जण उभी होती, आणि तिची कीव या बाईला आली नव्हती.

"तुमच्यासमोर उभी होती ती," मी म्हटलं. "बापानं हात उगारला तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर काय बघत होतात?"

त्यांनी खिडकीकडे पाठ केली.

"उद्या पहिल्या एसटीनं ती जाणार. तुमचे सोमवारचे सहा हजार तेव्हा काय कामाचे? पोरांचे पैसे भरून निघतील, तिचं नाव कशानं भरणार?"

देवरे मॅडमनी फोन उचलला आणि चांदवडला बहिणीला लावला.

६

पाचच्या सुमाराला आम्ही साइटवर पोचलो. अर्धवट इमारतीच्या मागे पत्र्याच्या खोल्या, ऊन उतरलं तरी पत्रे तापलेलेच. तृप्तीची आई भागीबाई बोचकं बांधत होती. भिका सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर बसला होता. आम्हाला बघून उठला, पण या म्हणाला नाही.

देवरे मॅडम तृप्तीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. एटीएममधून काढलेल्या बारा नोटा पुढे केल्या. "तृप्ती, हे घे. परत आणलेत."

भिका लेकीकडे, मग मॅडमकडे बघत राहिला. त्याला कळायला वेळ लागला, आणि कळलं तसा त्याचा चेहरा उतरत गेला. मी रागाची वाट बघत होते, पण तो नुसता परत खाली बसला.

तृप्तीनं नोटा घेतल्या. मोजल्या, उलटून पुन्हा मोजल्या, मी शिकवलं होतं तसं. मग आत गेली आणि नागलीच्या पिठाचा डबा घेऊन आली. पिठाखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत कर्जाची वही होती. वहीत पावती, पावतीवर रेव्हेन्यू तिकीट आणि तिकिटावर आडवी, वळणदार सही.

"व्याज राहिलं, मॅडम," ती हळूच म्हणाली. "दोनच दिवस झाले, पण महिन्याचं लागतं. साठ रुपये."

मॅडमनी शंभराची नोट दिली. तृप्तीनं आईकडे बघितलं, भागीबाईनं कनवटीतून चाळीस रुपये काढून दिले. आज ज्या घराला चोर म्हटलं होतं, त्या घरानं मॅडमला सुट्टे दिले. देवरे मॅडम तिथेच एका गोणीवर बसल्या आणि तोंड झाकून रडल्या.

"अगं, मला तरी सांगायचंस," मी म्हटलं. "मी काय तिसरा माणूस?"

"तुम्ही खातेदार नाही ना, बाई," ती म्हणाली. "तुमचं खातंच नाही आपल्या बँकेत."

खरंच नव्हतं. सगळ्यांना उघडायला लावलं, स्वतःचं राहिलं.

भिका आता बोलला. आवाज चढवला नाही. "मॅडम, पोरीचं नाव चौघांत गेलं. इथं पत्र्याआड परत करून भागायचं नाय. चौघांतच परत यायला पायजे. तुमी नाय सांगितलं तर मी सांगतो."

"नाय, बा," तृप्ती पटकन म्हणाली. "ते नाव आपल्याला सांगता येत नाय."

"आता गं! अजून?"

"नियम हाय."

मी काही बोलणार होते, पण देवरे मॅडमनी तोंडावरचा पदर काढला. "ज्याचं खातं आहे त्याला तर सांगता येतं ना, तृप्ती?"

पोरीनं थोडा विचार केला. "त्यांना येतं."

"मग मी सांगेन."

भागीबाईनं बांधलेलं बोचकं तसंच होतं. सोडलं नाही, उचललंही नाही. भिका म्हणाला, "सोमवार बघू."

७

सोमवारी आठ वाजता पटांगणात पालक जमले. कुसाबाई दुकान टाकून आली होती. भिका सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून, कामावर जायच्या कपड्यांत उभा होता. बोचकं त्याच्या पायाशी होतं.

देवरे मॅडम पुढे आल्या. माईक केरूभाऊनं लावून दिला. रविवारी त्यांनी नवऱ्याला सांगितलं असावं, कारण एका दिवसात बाई पाच वर्षांनी म्हातारी दिसत होती. त्यांनी काही लपवलं नाही. मुलाचं सांगितलं, हप्त्याचं सांगितलं, दहा मागितले आणि सहा मिळाले हेही सांगितलं. "चोरी झालेली नव्हती. कर्ज मी घेतलं होतं. ही मुलगी गप्प राहिली ते नियमामुळे. मी गप्प राहिले ते भीतीमुळे. तुमच्या सगळ्यांसमोर मी तिची माफी मागते." संस्थेला पत्र लिहिल्याचंही त्या म्हणाल्या. पुढे त्यांचं काय होईल ते होईल, मला ठाऊक नाही. दर एक तारखेला वाजायच्या तशा टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. कुसाबाई मात्र खाली मान घालून दुकानात गेली आणि तृप्तीसाठी पेप्सीकोला घेऊन आली. तृप्तीनं त्याचे पैसे विचारले.

वाटप झालं. चौसष्ट पासबुकं, चौसष्ट अंगठे नि सह्या. हिशोब रुपयाला रुपया जुळला, वर साठ रुपये व्याज. सगळं आटोपल्यावर मागे बघितलं तर भिका कामावर निघून गेला होता. बोचकं तेवढं वर्गाच्या दाराशी ठेवलेलं होतं, वर तृप्तीच्या वह्या बांधलेल्या.

मी दहा रुपये काढून टेबलावर ठेवले. "मॅनेजर, माझं खातं उघडा."

तिनं उघडलं. मग मी तिला भिंतीवरच्या नियमांकडे नेलं आणि खडू दिला. "इथे एक नियम लिहायचा राहिला. चूक माझी होती. गप्प कधी राहायचं ते शिकवलं, बोलायचं कधी ते शिकवलंच नाही. लिही, आपल्यावर आळ आला तर खरं सांगावं. आणि त्याच्याखाली लिही, मोठ्या माणसांना कर्ज देऊ नये."

पहिलं तिनं जसंच्या तसं लिहिलं. दुसऱ्याला खडू फळ्यावर टेकवून थांबली.

"देऊ नये कसं, बाई? अडचण मोठ्यांनाच जास्त असते."

आणि तिनं आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'मोठ्या माणसांना कर्ज देताना दोन जामीन घ्यावेत.'